पेटी, बेंजो आणि दोन लॉर्ड

कीबोर्ड म्हटल्यावर आपल्या जमातीच्या डोळ्यांपुढे जी वस्तू येते, जिच्यावर कॉफी सांडते आणि जिची अक्षरं तीन वर्षांत पुसट होतात, तिच्याबद्दल आज बोलायचं नाहीये. तिच्याबद्दल सोमवार ते शुक्रवार पुरेसं होतं. आज दुसरा कीबोर्ड. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा.

त्यातही सत्तरच्या दशकातल्या रॉक बँडमधली ती माणसं, जी स्टेजवर स्वतःभोवती अक्षरशः भिंत बांधून उभी राहायची. डावीकडे ऑर्गन, उजवीकडे पियानो, वर दोन सिंथेसायझर, पाठीमागे कपाटाएवढा स्पीकर. गिटारवाला पुढे येऊन केस उडवणार, गायक माइकशी कुस्ती खेळणार आणि हा गडी मागे आपल्या फर्निचरमध्ये अडकलेला. मला कायम हाच माणूस आवडत आला. प्रोजेक्टच्या डेमोला मॅनेजर पुढे असतो आणि सर्व्हर सांभाळणारा कुठेतरी मागे घाम पुसत असतो, त्यातलं काहीतरी असेल बहुतेक :)

तर सुरुवात अंधेरीपासून. ८ एप्रिल १९९५ ला अंधेरीच्या क्रीडा संकुलात डीप पर्पलचा कार्यक्रम झाला. त्याचं चित्रण 'बॉम्बे कॉलिंग' नावाने नंतर बाहेर आलं, त्यामुळे आज आपल्याला बघता येतं. मी तेव्हा जन्मलोही नव्हतो. त्यामुळे 'काय दिवस होते ते' असं म्हणण्याचा मला अधिकार नाही, पण म्हणावंसं मात्र वाटतं. गिटारवर स्टीव्ह मोर्स, बँडमध्ये नुकताच आलेला. आणि ऑर्गनवर जॉन लॉर्ड. पांढरी होत चाललेली शेंडी, शांत चेहरा, आणि हाताखाली जे यंत्र होतं त्याची गुरगुर मात्र थेट पोटात शिरणारी.

हे यंत्र म्हणजे हॅमंड ऑर्गन. माझ्या मते विसाव्या शतकातल्या सगळ्यात सुंदर हार्डवेअरपैकी एक. लॉरेन्स हॅमंड हा गडी संगीतकार नव्हता, घड्याळं बनवणारा इंजिनिअर होता. १९३४ साली त्याने पेटंट घेतलं आणि १९३५ ला ऑर्गन बाजारात आला. आत इलेक्ट्रॉनिक आवाज तयार करणारं काही नाहीच. एक मोटर आहे, तिच्यावर दातेरी चकत्या फिरतात, चांगल्या ९१. प्रत्येक चकतीसमोर एक लोहचुंबक आणि तारेचं वेटोळं. दाते समोरून गेले की वेटोळ्यात बारीकसा करंट, म्हणजे एक साधी साइन वेव्ह. वरच्या बाजूला ओढायच्या दांड्या असतात, नऊच्या संचात. कुठली दांडी किती ओढली त्यावर मूळ स्वरात कुठला उपस्वर किती मिसळायचा ते ठरतं. मंडळी, हे एम-थ्रीच्या पेपरात आपण रडत रडत सोडवलेलं फूरियर आहे! आम्हाला ते फळ्यावर शिकवलं. एखादा हॅमंड वर्गात आणून दांड्या ओढून दाखवल्या असत्या तर निदान दहा पोरांची केटी वाचली असती.

त्याला जोडून असायचा लेस्ली स्पीकर. डोनाल्ड लेस्ली नावाच्या माणसाने तो बनवला. लाकडी कपाटात वरती फिरणारा भोंगा आणि खाली फिरणारा ढोल. आवाज तुमच्याकडे येतो-जातो, येतो-जातो, त्यामुळे सूर किंचित चढतो-उतरतो. फलाटावरून न थांबता जाणाऱ्या फास्ट लोकलच्या हॉर्नचं जे होतं तेच, फक्त कपाटात बसवलेलं. लॉर्डने पुढे जाऊन आपला हॅमंड गिटारच्या मार्शल अँप्लिफायरमधून वाजवायला सुरुवात केली, कारण बाजूला रिची ब्लॅकमोर होता आणि त्याच्या आवाजापुढे टिकायचं होतं. चर्चसाठी बनवलेलं वाद्य अशा रीतीने गिटारशी भांडायला उभं राहिलं. १९७० चं 'चाइल्ड इन टाइम' ज्यांनी ऐकलंय त्यांना सुरुवातीचा ऑर्गन आठवेल. नसेल ऐकलं तर आज रात्री ऐका, दिवे बंद करून.

आता वजन. हॅमंड बी-३ हे मॉडेल, पायाच्या पट्ट्या आणि बाकासकट, दोनशे किलोच्या आसपास भरतं. लेस्ली वेगळा. म्हणजे रोज एका गावात कार्यक्रम, आणि रोज एक गोदरेजचं कपाट जिन्यावरून चढवायचं. गिटारवाला खांद्यावर पिशवी टाकून निघून गेलेला असायचा. कीबोर्डवाल्यांमध्ये सहनशीलता जास्त का, याचं उत्तर इथे असावं.

पण सगळेच शांत नव्हते. कीथ इमर्सन आपल्या ऑर्गनच्या पट्ट्यांमध्ये सुरे खुपसायचा, म्हणजे पट्टी दाबलेली राहून सूर चालू राहतो आणि हात दुसरीकडे मोकळे. १९७० पासून तो मूगचा मोठा मॉड्युलर सिंथेसायझर स्टेजवर न्यायला लागला. टेलिफोन एक्स्चेंजसारखं दिसणारं, वायरींनी भरलेलं धूड. रिक वेकमन अंगावर चमचमती झूल घालून कीबोर्डांच्या मधोमध उभा राहायचा. १९७३ साली मँचेस्टरला एका कंटाळवाण्या लांब तुकड्यात त्याला काम नव्हतं, तर पठ्ठ्याने स्टेजवर बसून चिकन विंदालू खाल्लं. (गोव्याचं विंदालू कुठे कुठे पोचलं बघा.) वेकमनचा आणखी एक किस्सा, तो स्वतः सांगतो. त्याने आपला मिनीमूग जॅक वाइल्ड नावाच्या नटाकडून अर्ध्या किमतीत घेतला. का, तर वाइल्डला वाटलं वाद्य बिघडलंय. एका वेळी एकच सूर वाजतोय!

बिघडलं नव्हतं. मिनीमूग तसाच होता. १९७० साली आला, तीन ऑसिलेटर, एक फिल्टर, आणि एका वेळी एक सूर. सेटिंग साठवायची सोय नाही. आज जो आवाज जमवलात तो उद्या हवा असेल तर प्रत्येक बटण कुठे होतं ते कागदावर काढून ठेवा. शिवाय स्टेजच्या दिव्यांनी तापला की सूर सरकणार. दोन गाण्यांच्या मध्ये कीबोर्डवाला वाकून कान लावून काय करत असायचा, तर ट्यूनिंग. सेव्ह बटण नसलेल्या जगात ही माणसं काम करत होती. नुसत्या कल्पनेने माझे हात कंट्रोल-एसकडे जातात.

इथपर्यंत सगळं साहेबाचं झालं. आता तुम्ही म्हणाल, आपलं काय?

आपलं तर त्यांच्या आधीपासूनचं आहे. स्टेजसमोर ऑर्गन घेऊन बसलेला माणूस महाराष्ट्राने हॅमंडचा जन्म व्हायच्या आधी बघितलाय. संगीत नाटकात! १८८० साली किर्लोस्करांचं 'शाकुंतल' पुण्यात रंगभूमीवर आलं, तेव्हा साथीची वाद्यं वेगळी होती. मग हळूहळू हार्मोनियम आली, आणि मागोमाग पायाने भाता चालवायचा परदेशी बनावटीचा ऑर्गन. बालगंधर्वांची गंधर्व नाटक मंडळी १९१३ साली निघाली. तिच्या साथीदारांची नावं जुने रसिक देवांच्या नावासारखी घेतात. तबल्यावर अहमदजान थिरकवाँ, सारंगीवर कादरबक्ष, ऑर्गनवर हरिभाऊ देशपांडे. ह्याच्यापुढे कुठलीही लाइन-अप आणून दाखवा.

पायाने भाता मारायचा म्हणजे दोन्ही हात मोकळे. आपली हातपेटी वाजवताना एक हात भात्यातच अडकतो, त्यामुळे वाजवायला एकच उरतो. ऑर्गनवाल्याला दोन मिळतात. एकाने गायकाच्या पाठोपाठ जायचं आणि दुसऱ्याने खालून भरणा करायचा. माइक नसलेल्या थिएटरात मागच्या पिटातल्या प्रेक्षकापर्यंत स्वर पोचवायचा होता, आणि हे यंत्र नाट्यगृह भरून टाकायचं. शिवाय कंपनी गावोगाव फिरणार. आज सांगली, पुढच्या महिन्यात हुबळी, मग खानदेश. बैलगाडी, रेल्वे, परत बैलगाडी. हॅमंडवाल्यांचे रोडी आपल्याकडे नाटक कंपनीचे गडी होते, एवढाच काय तो फरक.

पेटीची आणखी एक कथा सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. पट्टीच्या वाद्यात मींड निघत नाही. सा वरून रे वर जाताना मधली जागा नाहीच, पायरी आहे, घसरण नाही. आणि पट्ट्यांचे सूर पाश्चात्य पद्धतीने समान वाटलेले, आपल्या श्रुतींशी न जुळणारे. ह्या दोन कारणांवरून आकाशवाणीने १९४० साली हार्मोनियमवर बंदी घातली आणि ती ढिली व्हायला थेट १९७१ उजाडलं. तीस वर्षं! ज्या मराठी मुलखात गोविंदराव टेंब्यांसारख्या माणसाने पेटीला गवयाच्या शेजारची जागा मिळवून दिली, ज्या मुलखात पु. ल. देशपांडे पेटी घेऊन बसले की मैफल हलायची नाही, तिथे रेडिओवर पेटी अस्पृश्य. मला ही बंदी मूर्खपणाची वाटते, पण तिच्यामागचा प्रश्न खोटा नव्हता. पट्टीतून घसरायचं कसं? हा प्रश्न लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१९५४ चा 'नागिन'. हेमंत कुमारचं संगीत. त्यातल्या पुंगीच्या सुरावर अख्ख्या देशाने हाताचा फणा करून वरातीत नाचून घेतलं, अजून नाचतोय. ती पुंगी पुंगी नव्हतीच. ते होतं क्लॅव्हिओलिन, फ्रान्समध्ये कॉन्स्टंट मार्टिनने १९४७ साली काढलेलं व्हॉल्व्हवरचं छोटं कीबोर्ड. वाजवणारे कल्याणजी वीरजी शहा, म्हणजे पुढचे कल्याणजी-आनंदजीतले कल्याणजी. साथीला हार्मोनियमवर रवी, तेही पुढे संगीतकार म्हणून गाजले. बीटल्सनी हेच क्लॅव्हिओलिन वापरलं ते १९६७ साली. म्हणजे ह्या एका बाबतीत आपण लिव्हरपूलच्या तेरा वर्षं पुढे होतो, आणि वर श्रेय दिलं नागोबाला.

मग येतो दुसरा लॉर्ड. केरसी लॉर्ड. मुंबईचे पारशी, वडील कावस लॉर्ड आणि भाऊ बुजी लॉर्ड दोघेही तालवाद्यांतले मोठे लोक. १९६९ च्या 'आराधना'त 'रूप तेरा मस्ताना' आहे ना, त्यातला तो अकॉर्डियन ह्यांचा. सत्तरच्या दशकात त्यांनी मिनीमूग मुंबईच्या रेकॉर्डिंगमध्ये आणला. आर. डी. बर्मनच्या काळातल्या पार्श्वसंगीतातले ते घसरते, कुजबुजते, अंगावर येणारे सूर आठवा. मिनीमूगच्या डाव्या बाजूला एक चाक असतं, ते फिरवलं की वाजत असलेला सूर वर-खाली सरकतो. आकाशवाणीच्या प्रश्नाचं उत्तर अमेरिकेतून असं आलं, एका चाकातून. आपले वादक त्या चाकावर लगेच जीव का टाकायला लागले ते समजण्यासारखं आहे. साहेबासाठी ती गंमत होती, आपल्यासाठी मींड होती.

केरसी लॉर्ड २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये गेले. त्याच वर्षी मार्चमध्ये कीथ इमर्सन गेला होता. इमर्सनवर जगभर लेख आले. आपल्या लॉर्डवर थोडे आले, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना आधी 'हे कोण' ते समजावून सांगावं लागलं. पडद्यामागचा वादक ही आपल्याकडे जातच अशी आहे. रेकॉर्डच्या पाकिटावर संगीतकाराचं नाव, गायकाचं नाव, नटाचा फोटो. वाजवणारे साठ जण हवेत.

चरणजित सिंग यांची गोष्ट तर ह्याहून भारी. हेही मुंबईचे फिल्मी वादक. बास गिटार, स्टील गिटार, ट्रान्झिकॉर्ड, जे सांगाल ते. १९८२ साली त्यांनी एचएमव्हीसाठी एक रेकॉर्ड केली, दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर. हाताशी तीन यंत्रं, तिन्ही रोलँडची. ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, टीआर-८०८ हे ठेक्याचं यंत्र आणि टीबी-३०३ हे बासचं छोटं डबडं. हे ३०३ बास गिटारवाल्याची जागा घेईल म्हणून काढलं होतं आणि जगभर सपशेल पडलं, १९८४ ला उत्पादन बंद. पण त्याच्यात एक सोय होती, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायची. राग वाजवणाऱ्या माणसाला ती दिसली. आपली रेकॉर्ड काही चालली नाही. पुढे १९८७ मध्ये शिकागोच्या पोरांनी तेच यंत्र वापरून 'ॲसिड ट्रॅक्स' काढलं आणि ॲसिड हाउस नावाचा प्रकार जन्माला आला. मग २००२ मध्ये एडो बाउमन नावाच्या डच माणसाला दिल्लीत ही जुनी रेकॉर्ड सापडली, त्याने २०१० साली ती पुन्हा काढली, आणि जग म्हणालं अरेच्चा, हे तर पाच वर्षं आधी मुंबईत झालं होतं! चरणजित सिंग यांना उतारवयात युरोपात बोलावणी आली. २०१५ ला ते गेले. शिकागोच्या पोरांनी ही रेकॉर्ड ऐकली असण्याचा संबंध नाही, त्यामुळे 'आम्हीच शोध लावला' छापाचं मी काही म्हणत नाहीये. एकच यंत्र दोन अडाणी हातांत पडलं, अडाणी म्हणजे कंपनीचं मॅन्युअल न मानणारे, आणि दोन्हीकडे सारखं काहीतरी निघालं. एवढंच.

ह्याच सुमारास, १९८३ साली, मिडी आलं. वेगवेगळ्या कंपन्यांचे कीबोर्ड एकमेकांशी बोलावेत म्हणून ठरवलेली भाषा. अमेरिकेतले डेव्ह स्मिथ आणि जपानचे रोलँडवाले इकुतारो काकेहाशी ह्यांनी पुढाकार घेतला. पाच पिनांची केबल, सेकंदाला ३१,२५० बिट्स, संपलं. त्या वर्षीचा कीबोर्ड आज लॅपटॉपला जोडला तरी बोलतो. आमच्याकडे दोन वर्षांपूर्वीचं एपीआय आज चालत नाही आणि त्याबद्दल कोणाला शरमही वाटत नाही. त्याच वर्षी यामाहाचा डीएक्स-७ आला. चौदा किलोच्या आसपास वजन, एका वेळी सोळा सूर, आणि ३२ आवाज पोटात साठवलेले. दोनशे किलोचं फर्निचर एका रात्रीत जुनं झालं. भिंत पडली. कीबोर्डवाला आता एका एक्स आकाराच्या स्टँडमागे पूर्ण दिसायला लागला, आणि माझ्यासारख्यांसाठी थोडा कमी गूढ झाला.

पण त्यात खरा हिशोब वेगळा होता. कीबोर्डमध्ये व्हायोलिनचा आवाज आहे, बासरीचा आहे, ट्रम्पेटचा आहे. मग व्हायोलिनवाले चाळीस कशाला? सबॅस्टियन डिसोझांसारख्या गोव्याच्या अरेंजरांनी ज्या साठ-साठ, शंभर-शंभर वादकांच्या ताफ्यासाठी स्वरलिपी लिहिल्या, तो ताफा नव्वदच्या दशकात विरत गेला. १९९२ चा 'रोजा' ज्याने केला तो ए. आर. रहमान मुळात कीबोर्डवालाच, इलयराजांकडे पोरवयात वाजवलेला. स्टुडिओत एक माणूस, दोन कीबोर्ड, एक कॉम्प्युटर. मी रहमानवर वाढलोय, त्यामुळे त्याच्या नावाने बोटं मोडणार नाही. पण व्हायोलिनची पेटी घेऊन सकाळी नऊच्या लोकलने ताडदेव-महालक्ष्मीला जाणारे ते शेकडो लोक एकेक करून घरी बसले, हेही त्याच संगीताचा भाग आहे. ऑटोमेशनवर पोट असलेल्या माणसाने हे वाक्य लिहिताना खुर्चीत जरा चुळबुळ होते. असो.

खुद्द रॉकमध्ये मुंबईची नोंद घ्यायची तर रॉक मशीन. १९८४ साली निघालेला बँड, गायक उदय बेनेगल, गिटारवर महेश तिनईकर, कीबोर्डवर झुबिन बालापोरिया. १९८८ ला पहिला अल्बम, १९९३ ला नाव बदलून इंडस क्रीड. परदेशी बँडची नक्कल करायची सोडून स्वतःची गाणी वाजवायचा हट्ट त्यांनी धरला, ही त्यांची खरी कमाई. १९८६ पासून धोबीतलावच्या रंगभवनात इंडिपेंडन्स रॉक भरायचा, पावसात भिजत पोरं उभी. २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले, आजूबाजूला हॉस्पिटलं आणि कॉलेज असल्याने रंगभवन शांतता क्षेत्रात गेलं आणि तिथला आवाज थांबला. हॉस्पिटलच्या बाजूने विचार केला तर तक्रार करायला जागा नाही. तरी त्या फाटकावरून जाताना मान वळतेच.

आता घरी येतो. करंज्यात.

आमचं करंजा म्हणजे उरणच्या टोकाचं कोळ्यांचं गाव. समोर खाडी, पलीकडे रेवस, पाठीशी द्रोणागिरी. बंदरावर ट्रॉलर, वाऱ्याला सुकत्या मासळीचा वास, आणि लग्नसराईत रात्रभर आवाज. इथे रॉक नाही, पण स्टेज-गिअर म्हणाल तर भरपूर. आणि त्याचा राजा होता बेंजो.

बाहेरच्यांनी गैरसमज करून घेऊ नये, हा अमेरिकन बॅन्जो नव्हे. हे मूळचं जपानी वाद्य, ताइशोगोतो. १९१२ साली नागोयाच्या गोरो मोरिता नावाच्या माणसाने बनवलेलं. लाकडी फळीवर तारा ताणलेल्या आणि त्यांच्यावर टाइपरायटरसारखी बटणं. डाव्या हाताने बटणं दाबायची, उजव्याने तारा छेडायच्या. हिंदीवाले त्याला बुलबुल तरंग म्हणतात. मुंबई-रायगडात त्याचं नाव बेंजो, आणि तो ज्यात असतो ती अख्खी पार्टीही बेंजोच. 'हळदीला बेंजो कुणाचा हाय?' रवी जाधवने २०१६ साली ह्यावर 'बॅन्जो' सिनेमा काढला, त्यात रितेश देशमुख होता. सिनेमा बेताचा, पण विषय घेतला हे बरं केलं.

आता ह्या वाद्याचं काय झालं बघा. घरात मांडीवर घेऊन वाजवायचं गोड, किणकिणतं खेळणं. आमच्या लोकांनी त्याला पिकअप लावला, वायर काढली, इको मशीनमधून नेली, ॲम्प्लिफायरला जोडली, भोंगे टेम्पोवर बांधले, मागे जनरेटर ओढला आणि नारळी पौर्णिमेच्या मिरवणुकीत बंदरापर्यंत वाजवत नेलं. जॉन लॉर्डने चर्चचा ऑर्गन मार्शलला जोडला तोच हा हिशोब, आणि कारणही तेच. शेजारी ढोल-ताशा आहे, त्याच्यावरून ऐकू गेलं पाहिजे! बेंजो ओरडायला लागला की त्याच्या तारांमध्ये एक फाटका, चिरका रस उतरतो. तो कुठल्याही कोळीगीताला असा लागू पडतो की बस. म्हाताऱ्या बायकाही पदर खोचून उतरतात.

बेंजोच्या शेजारी नंतर कॅसिओ आला. आमच्याकडे कीबोर्ड कुठल्याही कंपनीचा असो, तो कॅसिओच. जशी कुठलीही पावडर डालडा नसते पण तूप मात्र डालडा असायचं, तसं. कॅसिओने पहिला कीबोर्ड काढला १९८० साली, आणि आखातात कामाला गेलेल्यांच्या बॅगांमधून टू-इन-वनच्या मागोमाग तोही कोकणात उतरला. त्याच्यात तयार ठेके असायचे. बटण दाबा, रॉक. दुसरं दाबा, सांबा. ह्या ठेक्यांना आपण हसतो, पण १९८१ च्या कॅसिओ एमटी-४० मधला 'रॉक' नावाचा ठेका हिरोको ओकुदा नावाच्या, नुकत्याच कॉलेजातून आलेल्या मुलीने बनवला होता आणि १९८५ मध्ये जमैकात त्याच्यावरच 'अंडर मी स्लेंग टेंग' हे गाणं उभं राहून तिथल्या रेगेची दिशा बदलली. आमच्याकडे सांबाच्या ठेक्यावर कोळीगीतं बसवली गेली. त्याची नोंद कुणी ठेवलेली नाही. ऑक्टोपॅडही असाच आला. रोलँडने १९८५ साली काढला, आणि आज ऑर्केस्ट्राच्या स्टेजवर तो नसेल तर लोक विचारतात, आजारी आहे का कुणी?

आमच्या आळीत एक काका आहेत. नव्वदच्या दशकात आणि त्यानंतरची दहाएक वर्षं उरण, पनवेल, अलिबागपर्यंत हळदी वाजवायचे. आधी बेंजो, मग कीबोर्ड. आता मासळीचा बर्फ पुरवतात. गेल्या महिन्यात त्यांच्याकडे बसलो होतो. समोरच्या हळदीत डीजे लागला होता, काचा थरथरत होत्या, त्यामुळे आम्ही एकमेकांच्या कानात ओरडून बोलत होतो. मी विचारलं, हल्ली वाजवत नाही का? म्हणाले, "आता काय, पेनड्राइव लावतान नी नाचतान." राग नव्हता आवाजात. बर्फाचा भाव सांगावा तसं सांगितलं. मग उठून आत गेले आणि कपाटावरून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढून आणला.

डब्यात फ्लॉप्या. साडेतीन इंची, एकूण ४३, मोजल्या मी. त्यांच्या जुन्या कीबोर्डला फ्लॉपीची खाच होती. त्या काळातले बरेच चांगले कीबोर्ड तसेच असायचे. हळदीच्या प्रत्येक गाण्याला त्यांनी स्वतः ठेका बांधला होता, बेसची चाल बसवली होती, धवला म्हणणाऱ्या बायकांच्या लयीला जुळतील असे वेग ठरवले होते, आणि ते सगळं ह्यात साठवलं होतं. लेबलांवर निळ्या पेनाने नावं. काहींवर नुसती गावांची, कारण प्रत्येक गावाला नाचायचा वेग वेगळा लागतो म्हणे. कीबोर्ड २००५ च्या पुरात गेला. फ्लॉप्या माळ्यावर होत्या म्हणून राहिल्या.

फ्लॉपी म्हणजे प्लॅस्टिकच्या चकतीवर लोहाच्या संयुगाचा पातळ थर. चुंबकत्व हळूहळू क्षीण होतं आणि दमट हवेत वर बुरशी धरते. आमच्याकडची हवा कशी आहे ते सायकलीच्या चेनला विचारा. सोनीने फ्लॉप्या विकणं २०११ सालीच थांबवलं, म्हणजे ह्यातल्या सगळ्यात नव्या फ्लॉपीचंही आता वय झालं. शिवाय काही १.४४ एमबीच्या आहेत आणि काही जुन्या ७२० केबीच्या. स्वस्तातले यूएसबी ड्राइव्ह ह्या दुसऱ्या प्रकारावर हमखास अडखळतात. त्यामुळे दोन गोष्टी मागवल्यात, एक जुना, डेस्कटॉपमध्ये बसायचा ड्राइव्ह, आणि एक बोर्ड, जो फाइल-बिइल काही न बघता चकतीवरचं चुंबकत्व जसंच्या तसं वाचून घेतो. आधी बुरशी आयसोप्रोपिलने पुसायची, मग वाचायचं. एकदाच, कारण दुसऱ्या वाचनाला थर सुटूनही येऊ शकतो. फाइली मिळाल्या तर आत मिडी असायला हवं, निदान काहींमध्ये तरी, आणि मिडी आजही वाजतं हे वर सांगितलंच.

पहिल्यांदा कुठली लावू म्हणून काकांना विचारलं. त्यांनी डबा उलटा केला, चाळल्या, आणि 'मोरा - जलद' लिहिलेली बाजूला काढून म्हणाले, ही शेवटी लाव.

ड्राइव्ह मंगळवारी येतोय.